नववीच्या सर्व मुलांची सायकोसिससाठी चाचणी घ्यावी का?

वर्गशिक्षिका विचारतात :

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला शिकवते. माझ्या वर्गातील एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर फार बदलला आहे. गणितात पुढे असणारा हा मुलगा आता वहीसुद्धा उघडत नाही, मधल्या सुट्टीत एकटा बसतो आणि मागच्या बाकावरची मुले आपल्याविषयीच कुजबुजतात, असे त्याने मला दोनदा सांगितले. कधीकधी कोणी नावाने हाक मारल्यासारखे वाटते, पण तिथे कोणी नसते हे आपल्याला कळते, असेही तो म्हणाला. त्याच्या काकांना स्किझोफ्रेनिया आहे, त्यामुळे आई धास्तावली आहे, वडील हे वयच असे असते म्हणतात आणि आजीने दृष्ट काढून झाली आहे. हे ऐकून मुख्याध्यापकांनी सुचवले की इंटरनेटवर मिळणारी १६ प्रश्नांची प्रश्नावली नववीच्या सर्व मुलांकडून भरून घ्यावी, म्हणजे सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटण्याच्या स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचा, धोका असलेली मुले आधीच कळतील. हे योग्य ठरेल का? आणि या मुलासाठी मी काय करावे?

मनोविकारतज्ज्ञ, पुणे :

ताई, सर्व वर्गाची चाचणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण म्हणता ती प्रश्नावली बहुधा नेदरलँड्समधील असावी. मानसिक त्रासासाठी स्वतःहून मदत मागायला आलेल्या लोकांमध्ये ती पारखली गेली आहे. सरसकट वर्गातील मुलांसाठी ती नाही. या वयात असे अनुभव अजिबात दुर्मीळ नसतात. अनेक पाहण्यांचा एकत्रित अभ्यास सांगतो की ९ ते १२ वर्षांच्या सुमारे १७ टक्के आणि १३ ते १८ वर्षांच्या सुमारे ७.५ टक्के मुलांना भास किंवा विचित्र संशय यांसारखा काही ना काही अनुभव येतो, आणि बहुतेकांचा तो आपोआप ओसरतो. आता समजा, हजार मुलांपैकी पाच जण पुढे आजारी पडणार आहेत, चाचणी त्यांतील चौघांना पकडते, पण निरोगी मुलांपैकी दहा टक्क्यांवरही बोट ठेवते. मग त्या चौघांबरोबर शंभरएक मुले नाहक धोक्याची ठरतील, आणि गावात एकदा लागलेला असा शिक्का बहिणीच्या सोयरिकीपर्यंत पोहोचतो, हे मी आपल्याला सांगायला नको.

धोक्याची अवस्था ही कल्पना मात्र खरी आहे. मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅकगोरी, अ‍ॅलिसन युंग आणि सहकाऱ्यांनी १९९४ च्या सुमारास यासाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू केले आणि तीन प्रकारची मुले त्या अवस्थेत धरली : ज्यांची लक्षणे सौम्य आहेत, ज्यांना पूर्ण लक्षणे काही दिवस येऊन आपोआप गेली, आणि ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना आजार असून ज्यांचे रोजचे व्यवहार ढासळले आहेत. काका या तिसऱ्या प्रकारात बसत नाहीत. पुतण्याचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, एवढेच. नीट मुलाखत घेऊन या अवस्थेत गणलेल्यांपैकीही तीन वर्षांत साधारण एक चतुर्थांश लोकांनाच सायकोसिस होतो. उरलेल्यांत पुष्कळांना नैराश्य किंवा चिंताविकार असतो आणि त्याचेही उपचार हवेच असतात.

आपल्या मुलाला हाक खरी नसल्याचे कळते, ही जमेची बाजू आहे. काही महिन्यांत अभ्यास आणि मैत्री दोन्ही घसरणे मात्र मला भासापेक्षा अधिक काळजीचे वाटते. पण आधी एक पाहा : मागच्या बाकावरची मुले खरोखरच कुजबुजत नाहीत ना? छळ सोसणारा मुलगा संशयी होणारच, आणि दीर्घकाळचा छळ स्वतःच अशा लक्षणांचा धोका वाढवतो. त्यानंतर डॉक्टरांनी झोप, नैराश्य, गांजा, फिट्स, थायरॉइड हे सगळे तपासावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे त्याला थेट विचारावे; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आणि कोणी केवळ भविष्यातील धोका टाळण्यासाठी सायकोसिसवरील गोळ्या सुरू करू लागले, तर दुसरे मत घ्या. ब्रिटनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना या अवस्थेत गोळ्यांऐवजी विचार-वर्तन उपचारपद्धती सुचवतात.

स्तावांगेर, नॉर्वेहून एक वाचक :

मी डॉक्टर नाही, तेलकंपनीत अभियंता आहे, पण आमचा रोगालांड जिल्हा या विषयात प्रसिद्ध असल्यामुळे लिहितो. येथे १९९७ पासून काही वर्षे वर्तमानपत्रे, रेडिओ, चित्रपटगृहे आणि शाळा यांतून सायकोसिसची सुरुवातीची लक्षणे लोकांना सांगितली गेली, आणि सोबत एक पथक ठेवले गेले, ज्याला शिक्षक, आई किंवा स्वतः मुलगा, कोणीही चिठ्ठीशिवाय फोन करू शकत असे. लक्षणे सुरू झाल्यापासून उपचारांपर्यंतचा मध्यक काळ पाच आठवड्यांवर आला. ओस्लो आणि डेन्मार्कमधील ज्या भागांशी तुलना केली, तेथे तो सोळा होता. दहा वर्षांनी पाहिले, तेव्हा येथील सुमारे ३१ टक्के रुग्ण पूर्ण सावरले होते, तिकडे १५ टक्के. मोहीम थांबल्यावर हा काळ पुन्हा लांबला. म्हणजे येथे आजार होण्याआधी तो हेरण्याचा प्रयत्न नव्हता. झालेला आजार लवकर दारात यावा, एवढीच खटपट होती. आपल्या मुख्याध्यापकांनी प्रश्नावलीऐवजी शिक्षकांना ही लक्षणे शिकवली, तर अधिक उपयोग होईल असे मला वाटते.

एक आई, सांगली :

माझ्या मुलाला सतराव्या वर्षी हा आजार झाला आणि पहिले वर्ष आम्ही देवऋषी, उतारे आणि हवापालट यांत घालवले. आजीला दूर सारू नका, ताई. दृष्ट काढू द्या आणि डॉक्टरकडेही न्या. एक विचारायचे होते : धाकट्याला माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या तर धोका टळतो, असे वाचले. ते खरे आहे का?

मनोविकारतज्ज्ञ, पुणे :

व्हिएन्नातील ८१ तरुणांच्या अभ्यासात, २०१० मध्ये, फार मोठा फायदा दिसला होता. पुढे अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या चाचणीत, २०१७ मध्ये, तो दिसला नाही. त्यावर भिस्त ठेवू नये.

वर्गशिक्षिका :

सर्वांचे आभार. प्रश्नावलीचा विषय मी मुख्याध्यापकांपुढे संपवते. अडचण वडिलांची आहे. मनोविकारतज्ज्ञ हा शब्द ऐकताच ते उठून जातात. शाळा मुलाला परस्पर नेऊ शकते का?

मनोविकारतज्ज्ञ, पुणे :

नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाच्या वतीने पालकच निर्णय घेतात. वडिलांसमोर आजाराचे नाव घेऊ नका. झोप आणि गणिताचे गुण यांविषयी बोला, सहामाहीची उत्तरपत्रिका समोर ठेवा आणि जिल्हा रुग्णालयात तपासणीसाठी चला म्हणा, तेथे या विकारांचे डॉक्टर असतात. आपल्याला स्वतःला सल्ला हवा असेल, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. मात्र हाक येते ती खरीच आहे असे तो म्हणू लागला, जेवणात काही कालवल्याचा संशय घेऊ लागला किंवा मरणाविषयी बोलला, तर वडिलांच्या मनाची तयारी होईपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी आईला सोबत घेऊन निघा.