७ वस्तूंच्या २१ ओळी: एसक्यूएल सर्व्हरमधील एक्सएमएल क्वेरी

प्रश्न
नमस्कार. पुरवठादाराकडून येणारी एक्सएमएल फाइल (टॅगमध्ये मांडलेली माहिती) आमचे ॲप्लिकेशन एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या एक्सएमएल प्रकारच्या कॉलममध्ये साठवते आणि क्वेरीने प्रत्येक वस्तूची स्वतंत्र ओळ काढते. टॅगची नावे येथे मराठीत लिहिली आहेत (एक्सएमएलला तीही चालतात).

<मागण्या>
 <मागणी क्रमांक="१०१">
  <वस्तू>बेअरिंग</वस्तू>
  <वस्तू>ऑइल सील</वस्तू>
 </मागणी>
 <मागणी क्रमांक="१०२"/>
 …
</मागण्या>

पहिल्या नोड्स() ला (दिलेल्या मार्गावरच्या प्रत्येक टॅगची एक ओळ करणारी पद्धत) '/मागण्या/मागणी' हा मार्ग दिला आहे. त्यातून मिळालेल्या कॉलमवर क्रॉस अप्लायने (आधीच्या प्रत्येक ओळीसाठी पुढचा भाग चालवणारी जोडणी) दुसरे नोड्स() लावून त्याला '/मागण्या/मागणी/वस्तू' दिला आहे. चाचणीच्या फाइलमध्ये ३ मागण्या आणि ७ वस्तू असताना २१ ओळी येतात. डिस्टिंक्ट (हुबेहूब सारख्या ओळी एकदाच दाखवणारा शब्द) लावूनही त्या कमी होत नाहीत, कारण १०१ मधील बेअरिंग १०३ च्या नावावरही दिसते.

उत्तर १
दोष दुसऱ्या मार्गाच्या आरंभीच्या तिरप्या रेघेत आहे. दुसरे नोड्स() पहिल्याच्या कॉलमवर लावले असले, तरी रेघेने सुरू होणारा मार्ग त्या मागणीपासून न मोजता मूळ दस्तऐवजाच्या टोकापासून मोजला जातो. त्यामुळे प्रत्येक मागणीसमोर सगळ्याच ७ वस्तू येतात आणि ३ गुणिले ७ म्हणजे २१ होतात. रिकाम्या १०२ लाही तुमच्याकडे ७ वस्तू चिकटल्या असतील, ते पाहा. दुसरा मार्ग नुसता 'वस्तू' असा लिहावा. डिस्टिंक्टने ओळी कमी झाल्या नाहीत हे बरेच झाले, नाहीतर चूक तशीच झाकली गेली असती.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, ७ ओळी आल्या. मात्र आता १०२ क्रमांकाची मागणी यादीतून नाहीशी झाली आहे, आणि पुरवठादाराच्या प्रत्यक्ष फाइलवर हीच क्वेरी कोणताही एरर न देता शून्य ओळी देते.

उत्तर २
क्रॉस अप्लाय ज्या मागणीत एकही वस्तू नाही ती गाळते. आउटर अप्लाय वापरल्यास १०२ साठी वस्तूच्या जागी नल (म्हणजे रिकामी किंमत) येऊन एकूण ८ ओळी मिळतील.

शून्य ओळींचे कारण बहुधा नेमस्पेस (टॅगची नावे कोणत्या गटातली हे सांगणारा पत्ता) हे आहे. प्रत्यक्ष फाइलच्या मूळ टॅगमध्ये एक्सएमएलएनएस (नेमस्पेस जाहीर करणारी नोंद) आहे का, ते तपासावे. तेथे डीफॉल्ट नेमस्पेस दिला असल्यास आतले सर्व उपसर्गरहित टॅग त्याच नेमस्पेसमध्ये जातात, तर तुमच्या मार्गातील 'मागणी' मात्र नेमस्पेस नसलेल्या टॅगचा शोध घेते. असा टॅग न सापडणे हा इंजिनाच्या लेखी एरर नाही, म्हणून ते गप्प राहते. क्वेरीच्या आधी 'वुइथ एक्सएमएलनेमस्पेसेस' लिहून तोच पत्ता डीफॉल्ट म्हणून द्यावा, आणि त्याआधीचे विधान अर्धविरामाने संपवावे. '*:मागणी' (कोणत्याही नेमस्पेसमधली मागणी) असे लिहूनही काम भागते, पण ते मी केवळ निदानापुरतेच वापरतो.

उत्तर ३
विषयाला धरूनच एक सूचना: मागणीचा क्रमांक वस्तूच्या ओळीवरून '../@क्रमांक' असा वर चढून आणू नये. मोठ्या फाइलवर ते फार संथ चालते. पहिल्या नोड्स() च्या कॉलममधून तो थेट घेता येतो.

प्रश्नकर्ता
मूळ टॅगमध्ये एक्सएमएलएनएस होतेच. पत्त्याच्या शेवटची तिरपी रेघ उतरवून घेताना माझ्याकडून सुटली, त्यामुळे पहिल्या वेळी पुन्हा शून्यच ओळी आल्या; ती घातल्यावर रिकाम्या मागण्यांसह सर्व ओळी बरोबर आल्या.