सातपुड्यातला नाला गावाजवळ गुडूप होतो, बंधारा कुठे घालावा?

प्रश्न : चोपडेकर, केळी बागायतदार

राम राम मंडळी. आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगरातून एक नाला येतो. वर जंगलात काळ्या खडकातले त्याचे डोह दिवाळीनंतरही भरलेले असतात. पण डोंगर सोडून गोट्यांच्या पट्ट्यात शिरला की फर्लांगभरात पाणी गुडूप. भर श्रावणात वर गुडघाभर धार आणि गावच्या फरशी पुलापाशी कोरडी वाळू, हे मी लहानपणापासून बघतोय. पुढे तापीकडे हाच नाला पिवळ्या मातीत तीस-चाळीस फूट खोल घळ पाडून जातो.

आता नव्या सिमेंट बंधाऱ्याचं चाललंय. निम्मं गाव म्हणतं, गोट्यांतला जुना बंधारा गळका, चार दिवसांत रिकामा होतो. नवा खाली पिवळ्या मातीत घाला, पाणी टिकेल. माझी विहीर मधल्या पट्ट्यात आहे, पंधरा परस (पुरुषभर उंचीचं माप) खोल. काय करावं?

उत्तर : यावलवाला

भाऊ, तीस वर्षं विहिरी-बोअरच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चार दिवसांत रिकामा होतो म्हणजे तो बंधारा काम करतोय! पाणी दिसत नाही, पण गेलेलं नाही.

डोंगरातला तुमचा काळा खडक म्हणजे बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पायथ्याशी तो भेगेवर तुटून खाली खचलाय आणि तापीच्या बाजूचा खड्डा नद्या-नाल्यांनी गाळाने भरलाय. अडावदजवळ उनपदेवला गरम पाणी निघतं, तेही या खोल भेगांमुळेच. डोंगर सुटला की उतार एकदम कमी होतो, नाल्यातली ताकद जाते. मोठे गोटे तो तिथेच टाकतो, पुढे वाळू, आणि सगळ्यात बारीक माती तापीकडे. गोट्यांच्या या पट्ट्याला भूजलवाले बझाडा म्हणतात. चाळणीच ती. यावल-रावेरच्या केळीलाही हाच पट्टा पाणी पुरवतो.

खाली पिवळ्या मातीत पाणी साचलेलं छान दिसेल, पण उन्हात उडून जाईल, कारण ती माती पाणी खाली सोडत नाही. तिथे करायचंच असेल तर नाला खोल करून पिवळा थर काढावा, वाळू लागेपर्यंत जावं. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल केले ते याच विचाराने. नुसती भिंत घालून भागत नाही.

तुमच्या विहिरीसाठी नवा बंधाराही वर, गोट्यांतच घाला. मात्र पुराबरोबर आलेला गाळ तळाशी बसून चाळणी बुजते. दरवर्षी उन्हाळ्यात तो काढा, शेतात टाका, सोनं आहे. आणि नाल्यातले गोटे-वाळू ट्रॅक्टरने कुणाला नेऊ देऊ नका. ती गेली की पूर थांबत नाही, मुरत नाही. मी हे एका गावात डोळ्यांनी पाहिलंय; तिथल्या विहिरींवर आता झाकणं टाकलीत.

उत्तर : पांझराकाठ

मी साक्रीकडचा. वरचं सगळं तापीच्या उत्तर अंगाला लागू. आमच्याकडे वीस फुटांवर मुरूम, मग कडक पाषाण. त्यातून काळ्या दगडाच्या उभ्या भिंती पूर्व-पश्चिम जातात. लाव्हा भेगांत थिजून झालेल्या. आमच्या ओढ्याला अशी भिंत आडवी आहे. तिच्या वरच्या अंगाच्या विहिरींना मे महिन्यातही पाणी, खालच्या संक्रांतीला आटतात. जमिनीखालचा बंधाराच तो. म्हणून दुसऱ्या तालुक्याचा नमुना उचलण्याआधी जवळच्या दोन-चार विहिरींत उतरून थर बघा.

चोपडेकर

यावलवाले दादा, पांझराकाठ, दोघांचे उपकार. परवा रात्री नाल्याला पूर आला, म्हणून दोर टाकून विहीर मोजत राहिलो. पहिल्या दिवशी काहीच नाही. आज तिसऱ्या दिवशी पाणी पाऊण परस वर आलंय आणि जुना बंधारा जवळजवळ रिकामा आहे. दोराला गाठी मारून ठेवल्यात, ग्रामसभेत तोच दोर घेऊन जातो.