बारावीचं पर्यवेक्षण, तेही परक्या केंद्रावर. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिक्षण सेवक म्हणून माझं हे दुसरं वर्ष. तालुक्याच्या गावात अकरावी-बारावीला मराठी शिकवते. यंदा पर्यवेक्षकांच्या अदलाबदलीत (आपल्याच शाळेच्या केंद्रावर न ठेवता दुसरीकडे पाठवतात) पंधरा किलोमीटरवरच्या केंद्राची ऑर्डर आली आहे. तिथं ओळखीचं कुणी नाही.

गेल्या वर्षीचं सांगते, म्हणजे अडचण कळेल. वर्गात २५ मुलं. प्रश्नपत्रिकांच्या पाकिटावर दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेतल्या, ते फोडलं, पेपर वाटले. मग टेबलाशी बसून बैठक क्रमांक, बारकोड पडताळत सह्या करत होते. अर्ध्या तासाने मान वर केली तर तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या मांडीवर मायक्रो झेरॉक्सची पट्टी. बोटाएवढी, अक्षर मुंगीएवढं. काढून घेतली, शिपायाकरवी केंद्रसंचालकांना निरोप धाडला. ते आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, घेतलीत ना? झालं मग. पोराचं वर्ष कशाला घालवता." पट्टी खिशात टाकून गेले. उरलेला वेळ त्या मुलाने मान वर केली नाही. बाकीचे मात्र माझ्याकडे बघून गालात हसत होते.

१९८२ चा गैरप्रकार प्रतिबंध कायदा, शिक्षासूची हे सगळं ठाऊक आहे. मला विचारायचंय ते वेगळंच. ही कागदं सांभाळून वर्गावर नजर कशी ठेवायची? आणि परक्या ठिकाणी कुणी "जरा सांभाळून घ्या" म्हणालं तर करायचं काय?

खडूमास्तर:
टेबलाशी बसलात तिथंच चुकलं. सह्या बाकापाशी जाऊन, उभ्याने करा. हॉलतिकिटावरचा फोटोही तेव्हाच बघून होतो. एरवी वर्गाच्या मागे उभ्या राहा. तुम्ही कुठं बघताय हे मुलांना कळत नाही, आणि मागे वळून बघणारा आपोआप सापडतो.

पेपर वाटण्याआधी एकदा सांगा, "ज्याच्याकडे काही असेल त्याने आत्ता बाहेर टाकून या, नाव विचारणार नाही." मी दरवर्षी सांगतो. एकाने चक्क सॉक्समधून अर्धं गाईड काढलं होतं!

गोदाकाठ:
पाणी देणाऱ्या पोरावर लक्ष ठेवा. ग्लासाखालून काय काय येतं!

आणि शेवटची दहा मिनिटं. २०२३ पासून जादाची दहा मिनिटं सुरुवातीला न देता शेवटी देतात. तेव्हा सगळ्यांना एकदम पुरवण्या बांधायच्या असतात. तुम्ही वाकून दोऱ्याच्या गाठी मारत बसता, मागे उत्तरपत्रिका फिरतात. दोरे एकच्या सुमारासच वाटून टाका.

वैतागलेला_गुरुजी:
अदलाबदल म्हणजे आम्हा शिक्षकांवर सरळ अविश्वास आहे. त्यावर कुणी बोलत नाही.

धागाकर्ती:
सर, अपमान मलाही वाटला. पण खरं सांगू, थोडं हायसंही वाटलं. आपल्याच शाळेतलं पोर पकडलं तर संध्याकाळी त्याचे वडील किराणा दुकानात भेटतात.

निवृत्त_मुख्याध्यापक:
मी केंद्रसंचालक होतो, त्यामुळे तुमच्या त्या साहेबांची भाषा ओळखीची आहे. मीही एकदोनदा तसं बोललो आहे, कबूल करतो. गावात राहायचं असतं, संस्थेचा निकाल असतो.

पण ताई, उद्या तुमच्या वर्गात भरारी पथकाला चिठ्ठी सापडली तर जबाब तुमचा घेतील. तेव्हा "सरांनी सांगितलं होतं" याला काडीची किंमत नसते. म्हणून तोंडी काही ठेवू नका. साध्या कागदावर तारीख, वेळ, बैठक क्रमांक, काय आणि कुठं सापडलं ते लिहा. चिठ्ठीसकट केंद्रसंचालकांच्या हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पुढचा निर्णय त्यांचा, तो तुम्ही अंगावर घेऊ नका. पोच मागितली की आवाज बदलतो बघा.

मुलाशी मात्र वर्गात एक शब्दही जास्त बोलू नका. ओरडण्याने बाकीच्या २४ जणांचा पेपर बिघडतो.

धागाकर्ती:
पोचेचं सुचलंच नव्हतं, आभार. दोऱ्यांचंही करते.

एक राहिलं. तिथं बाई मी एकटीच असले तर दुसऱ्या वर्गांतल्या मुलींच्या झडतीलाही मलाच बोलावतील. तेवढा वेळ माझा वर्ग कुणाकडे?

निवृत्त_मुख्याध्यापक:
राखीव पर्यवेक्षकाकडे. तो वर्गात येईपर्यंत उंबरा ओलांडू नका, बोलवायला कुणीही येवो.