मदत हवी आहे: साथीत पब बंद, राजीनाम्यावर सही करावी का?

साथीमुळे पब बंद झालाय आणि मालक सगळ्यांकडून राजीनामे मागतायत. "उघडलं की परत घेतो" हे नुसतं तोंडी. कागदावर "स्वखुशीने" छापलंय, तारखेची जागा कोरी. मला हे अजिबात पटत नाही. कामावरून काढलं तर निदान भरपाई मागता येते, स्वतःहून सोडल्यावर काय मागणार?

शिवाय आमची निम्मी कमाई टिपची, पगारपत्रकात तिचा पत्ताच नाही. ब्रिटनमध्ये २०२० साली सरकारने घरी बसवलेल्यांचा ८० टक्के पगार उचलला, त्यातही ग्राहकांनी खुशीने दिलेली टिप धरली नव्हती.

राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा लेखी कशी मागू? किचनमधली रोजंदारीची मुलं तर कुठल्याच कागदावर नाहीत. त्यांना शिफ्टचे व्हॉट्सॲप मेसेज पुरावा म्हणून चालतील का? प्लीज लवकर सांगा, उद्याच सही मागणार आहेत.