रेणुसूत्र एकच, संयुगे मात्र दोन: ओळख नक्की कशावरून ठरते?

प्रश्न: अकरावी_विज्ञान

इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर या दोन्हींच्या रेणूत २ कार्बन, ६ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन असे अगदी सारखेच अणू असूनही पुस्तक त्यांना वेगवेगळ्या वर्गांत टाकते. उलट मिथेनॉल आणि इथेनॉल यांची रेणुसूत्रे वेगळी असताना ती एकाच समजातीय श्रेणीत बसवते. व्याख्या मला पाठ आहेत, पण संयुग समोर आले की कोणती संज्ञा कुठे लावायची हे उमगत नाही. शिवाय पेंटेनचे (५ कार्बनांचे हायड्रोकार्बन) समघटक, म्हणजे रेणुसूत्र तेच पण जोडणी वेगळी असलेली संयुगे, ३ च सांगतात. कागदावर साखळी वाकवून मला आणखी आकृत्या काढता येतात, त्या का धरायच्या नाहीत?

उत्तर: प्रयोगवही

रेणुसूत्र ही केवळ सामानाची यादी आहे. कोणता अणू कोणाला जोडला आहे हे ती सांगत नाही, आणि सगळे महत्त्व त्या जोडणीला आहे. ऑक्सिजनची संयुजा २, म्हणजे तो दोन बंध करतो. इथेनॉलमध्ये त्याचा एक बंध कार्बनशी आणि दुसरा हायड्रोजनशी असतो, तर ईथरमध्ये दोन्ही बंध कार्बनशीच असतात. एवढ्या फरकामुळे इथेनॉलच्या रेणूंमध्ये परस्परांत हायड्रोजन बंध (रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे आकर्षण) तयार होतात, म्हणून इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते. डायमिथाइल ईथर मात्र उणे २४ अंशांनाच उकळत असल्याने खोलीच्या तापमानाला वायुरूप असते. कोरड्या इथेनॉलमध्ये सोडिअमचा बारीक तुकडा टाकला की त्याच्याभोवती हायड्रोजनचे बुडबुडे सुटू लागतात आणि तुकडा हळूहळू झिजत जातो. ईथरमध्ये असे काही होत नाही. किंबहुना प्रयोगशाळेतले नेहमीचे डायइथाइल ईथर कोरडे ठेवण्यासाठी त्यात सोडिअमची तारच टाकून ठेवत असत.

ज्या अणूमुळे किंवा अणुगटामुळे रेणूला असे ठरावीक रासायनिक गुणधर्म येतात, तो क्रियात्मक गट. तो तसाच ठेवून साखळीत दर पायरीला १ कार्बन आणि २ हायड्रोजन वाढवत गेलात की समजातीय श्रेणी मिळते: मिथेनॉल ६५ अंशांना उकळते, इथेनॉल ७८ ला, १-प्रोपेनॉल ९७ ला, पण सोडिअमशी तिघांचीही अभिक्रिया त्याच प्रकारची होते.

उत्तर: साखळी_मोजा

पेंटेनविषयी: एकेरी बंधाभोवती रेणूचे भाग फिरू शकतात, त्यामुळे वाकडी काढलेली साखळी आणि सरळ काढलेली साखळी हे एकच संयुग असते. शंका आली तर प्रत्येक आकृतीत बोट न उचलता सर्वांत लांब साखळी मोजावी आणि आययूपॅक पद्धतीने (संयुगांना नावे देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत) नाव द्यावे. अनेक जण ज्याला ३-मिथाइलब्युटेन म्हणतात ते दुसऱ्या टोकाकडून क्रमांक दिले की २-मिथाइलब्युटेनच निघते. शेवटी तीनच नावे उरतात: पेंटेन, २-मिथाइलब्युटेन आणि २,२-डायमिथाइलप्रोपेन. त्यांचे उत्कलनांक अनुक्रमे सुमारे ३६, २८ आणि ९.५ अंश आहेत, कारण शाखा वाढल्या की रेणू गोलसर होतो आणि शेजारच्या रेणूशी त्याचा संपर्क कमी होतो. दुहेरी बंध असेल तिथे मात्र असे फिरणे सहज होत नाही, म्हणून २-ब्युटीनसाठी वेगळा विचार करावा लागतो.

उत्तर: जुनी_बाटली

रसायनशास्त्रज्ञ वोलर यांनी १८२८ मध्ये अमोनिअम सायनेटपासून युरिआ मिळवला, ही गोष्ट पुस्तकांत जीवनशक्तीचा सिद्धांत (सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवांतच तयार होतात हा समज) ढासळल्याचे उदाहरण म्हणून येते. माझ्या मते तिचा दुसरा अर्धा भाग अधिक मोलाचा आहे: दोन्ही पदार्थांत २ नायट्रोजन, ४ हायड्रोजन, १ कार्बन आणि १ ऑक्सिजन असतात, बदलते ती फक्त मांडणी. असे नमुने साठत गेल्यावर रसायनशास्त्रज्ञ बर्झेलिअस यांनी १८३० मध्ये या प्रकाराला समघटकतेची संज्ञा दिली.

अकरावी_विज्ञान

आभारी आहे. मग प्रोपेनाल आणि प्रोपेनोन यांचे काय? रेणुसूत्र एकच, आणि कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधही दोन्हींत आहे.

प्रयोगवही

तो बंध समान असला तरी गट वेगळे धरतात. प्रोपेनालमध्ये दुहेरी बंधातला कार्बन साखळीच्या टोकाला असून त्याला एक हायड्रोजन जोडलेला असतो, म्हणून ते अल्डिहाइड. प्रोपेनोनमध्ये तोच कार्बन दोन कार्बनांच्या मध्ये असतो, म्हणून ते कीटोन. टॉलेन्स अभिकर्मकासोबत (चांदीच्या क्षाराचे अमोनियायुक्त द्रावण) परीक्षानळी कोमट पाण्यात धरली तर प्रोपेनाल काचेवर चांदीचा थर चढवते, प्रोपेनोन चढवत नाही. त्यामुळे ही जोडी क्रियात्मक गटाच्या समघटकांत मोडते, तर १-प्रोपेनॉल आणि २-प्रोपेनॉल यांच्यात गट एकच राहून केवळ त्याची जागा बदलते.