ब्रिटनला मास्टर्स करायचं, तर जोडीदार इथेच ठेवून जायचं?

खडूफळा: ‘शिकायला जाताय की संसार थाटायला? ब्रिटनने मास्टर्सवाल्यांचे जोडीदार बंद केले ते बरंच झालं, वर्षभराचाच तर प्रश्न आहे,’ असं मुळाकाठ यांनी काल लिहिलं. वर्षभराचा प्रश्न नाहीच तो! १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या साध्या मास्टर्सला डिपेंडंट व्हिसा, म्हणजे सोबत येणाऱ्या जोडीदाराचा व्हिसा, नाही. पुढे शिक्षण संपल्यावर तिथेच राहून काम करायचा ग्रॅज्युएट व्हिसा घेतला तरी त्यावर जोडीदार नव्याने आणता येत नाही. आधीपासून डिपेंडंट असेल तरच चालतो. म्हणजे स्किल्ड वर्कर व्हिसा (कुशल कामाचा व्हिसा) मिळवून देणारी नोकरी लागेपर्यंत ताटातूट. त्या नोकरीला साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो, नवख्यांना ३३,४००. कुठून आणायचा?

मुळाकाठ: आकडे बघा. विद्यार्थ्यांच्या डिपेंडंटना २०१९ मध्ये सुमारे १६,००० व्हिसे मिळाले, २०२२ मध्ये १,३६,०००. कुठलं सरकार गप्प बसेल? बायकोला मिळेल त्या कोर्सला बसवायचं आणि नवऱ्याने नोकरी करायची, हा एजंटांनी मांडलेला धंदा होता. खऱ्या संशोधकाला मुभा आहेच.

कागदवाली: ती मुभा कोणाला, ते नीट सांगा, लोक फसतात. पीएचडी, संशोधनप्रधान मास्टर्स, किंवा ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारखी पूर्ण सरकारी शिष्यवृत्ती असलेला सहा महिन्यांहून मोठा कोर्स. कोर्सच्या नावात ‘रिसर्च’ दिसलं म्हणून डिपॉझिट भरू नका. संशोधनाचा भाग शिकवणीच्या भागापेक्षा मोठा लागतो. कॅस (व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं प्रवेशाचं प्रमाणपत्र) निघण्याआधी विद्यापीठाकडून तसं लेखी घ्या.

पैपैसा: आणि मुभा असलेले अडकतात बँकेपायी. जोडीदाराच्या खर्चासाठी खात्यात पैसे दाखवावे लागतात: लंडनबाहेर महिना ६८० पौंड, लंडनमध्ये ८४५. नऊ महिन्यांचे ६,१२० किंवा ७,६०५, विद्यार्थ्याच्या रकमेशिवाय. सलग २८ दिवस, एक दिवसही खाली नाही. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या ३१ दिवसांच्या आत. पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून काठावरची रक्कम घात करते. दहा टक्के जास्तच ठेवा.

मुळाकाठ: एफडी चालते. उगाच घाबरवू नका लोकांना.

पैपैसा: घाबरवतोय कुठे? एफडी चालते, पण लगेच मोडता येते हे बँकेच्या पत्रात यायला हवं. शेअर आणि पीएफ अजिबात नाही. सासऱ्यांच्या खात्यावर विसंबू नका. जोडीदारासाठीचे पैसे दोघांपैकी एकाच्या नावावर असू द्या. हे न सांगता ‘चालते’ म्हणून मोकळं होणं बेजबाबदारपणाचं आहे.

कागदवाली: हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क, राहिला. माणशी वर्षाला ७७६ पौंड, सगळा अर्ज करतानाच. तीन वर्षांच्या पीएचडीला कोर्सआधीचा एक आणि नंतरचे चार महिने धरून व्हिसा तीन वर्षं पाच महिन्यांचा होतो, आणि सरचार्ज साडेतीन वर्षांचा लागतो: माणशी २,७१६ पौंड. व्हिसासाठी लागणारी क्षयाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करा, आणि फार आधी नको. प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं.

खडूफळा: एवढं आगाऊ भरून येणारा माणूस त्या देशावर कसला भार? एजंटांची चूक, शिक्षा मात्र विद्यार्थ्याला!

मुळाकाठ: ग्रॅज्युएट व्हिसावर जोडीदार येत नाही, हे मी धरलं नव्हतं. तेवढं मान्य. ‘वर्षभर’ हा शब्द मागे घेतो. पण बंदी चुकीची, हे अजूनही मान्य नाही. निदान सुट्टीत भेटता तर येतं.

खडूफळा: येतं, व्हिजिटर व्हिसावर. एका वेळी फार तर सहा महिने, आणि नोकरी बंद. शिवाय १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी अठराच महिने मिळणार, पीएचडी सोडून. तेवढ्यात ३३,४०० ची नोकरी शोधायची.