जोहोर बारू ते तुंपाट रात्रीची गाडी: जंगल दिसतं की झोपेतच जातं?

सायली_टी

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत दिरांकडे सिंगापूरला जायचं चाललंय. मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. मॉल आणि उंच इमारती मला फार झेपत नाहीत, म्हणून पलीकडे मलेशियात रेल्वेने कुठेतरी जावं असं डोक्यात आहे. शोधताना ‘जंगल रेल्वे’ सापडली. सिंगापूरला लागून असलेल्या जोहोर बारूहून रात्री निघून दुसऱ्या दिवशी पार थायलंडच्या सीमेजवळ तुंपाटला पोचवणारी शयनयान गाडी आहे म्हणे.

पण रात्रीची गाडी म्हटल्यावर जंगल दिसणार कधी? नवऱ्याचं म्हणणं, पैसे देऊन काळोख बघायला कोण जातं. सासूबाईंना ट्रेन भयंकर आवडते, पण गुडघे दुखतात, वरच्या बर्थवर चढणं शक्य नाही. वर त्या शाकाहारी. मुलाला फक्त इंजिन डिझेलचं आहे ना एवढंच कळून घ्यायचंय.

कुणी केलाय का हा प्रवास? की नाद सोडून सरळ क्वालालंपूरला जाऊ?

रानपाखरू

रात्रीची नकोच. गेमास जंक्शनपर्यंत जा, तुंपाटची लाइन तिथून फुटते, आणि तिथून दिवसाची शटल, म्हणजे पॅसेंजर गाडी, पकडा. शाळेची पोरं, बाजाराला निघालेल्या बायका, सगळं बघायला मिळतं. झोपायला हॉटेलं आहेत की.

जुना_गार्ड

सायलीताई, मी मालगाडीवर गार्ड होतो, आता निवृत्त. मुलगी जोहोर बारूला असते, त्यामुळे ही गाडी माझ्या चांगली ओळखीची झाली आहे. गाडीचं नाव ‘एक्स्प्रेस राक्यात तिमुरान’. आधी चिरंजीवांचं उत्तर: हो, डिझेल. गेमासच्या पुढे तारा संपतात. तिथून तुंपाटपर्यंत सव्वापाचशे किलोमीटर मीटरगेज, सिंगल लाइन.

आता तुमच्या यजमानांच्या शंकेकडे येतो. शंका रास्त आहे, पण उत्तर दिशेवर अवलंबून आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे जा, उलटं नाही. सगळी गोम एवढ्यात आहे. जोहोर बारूहून गाडी जेवणवेळेच्या सुमारास निघते. रात्रभरात जे मागे पडतं ते बहुतेक पाम तेलाचे आणि रबराचे मळे. एका चालीत लावलेली झाडं, मैलोन् मैल तीच. ती झोपेत गेली तर काही बिघडत नाही. पहाटे क्वाला लिपिस येतं आणि उजाडायच्या बेतात तुम्ही गुआ मुसांगच्या अलीकडे-पलीकडे असता. तिकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो हे लक्षात ठेवा, नाहीतर उगाच पाचला उठून काचेला नाक लावून बसाल. खरं जंगल तिथून पुढे आहे, आणि ते पूर्ण उजेडात पदरात पडतं. तुंपाटहून परत येणारी गाडी संध्याकाळी सुटते. तिच्यात भातशेती दिसते, नदी दिसते, आणि डोंगर सुरू व्हायच्या आत अंधार. लोक ती गाडी करून येतात आणि मग लिहितात की जंगल रेल्वेत जंगलच नाही.

सकाळी काय दिसतं ते सांगतो. गुआ मुसांगला चुनखडीचे सुळके स्टेशनाच्या डोक्यावर उभे आहेत. उभा पांढरट कडा, त्याच्या भेगाभेगांतून झाडं लोंबलेली, आणि खाली फलाटावर माणसं शांतपणे पिशव्या चढवतायत. पुढे गाडी गालास नदीच्या खोऱ्यात शिरते. बोगदे येतात. झाडी इतकी जवळ येते की फांद्या डब्याला घासल्याचा आवाज येतो. दाबोंगच्या आसपास गुनुंग स्तोंगचा डोंगर दिसतो, आणि हवा मोकळी असेल तर त्याच्या अंगावर जेलावांग धबधब्याची पांढरी रेघ. दाबोंगच्या आधी केमुबूचा पूल येतो. डिसेंबर २०१४ च्या महापुरात तिथला जुना पूल वाहून गेला आणि बराच काळ ही लाइन सलग राहिली नव्हती. आज तुम्ही नव्या पुलावरून जाता. पाणी खाली चहाच्या रंगाचं, आणि संथ. ते बघून या नदीने पोलादी पूल उचलला असेल हे पटत नाही.

क्वाला क्राईनंतर तानाह मेराहच्या अलीकडे केलांतान नदीवर गिलेमार्ड पूल लागतो. १९२० च्या दशकातलं काम, मलेशियातल्या सर्वांत लांब जुन्या रेल्वे पुलांपैकी एक. जपानी फौजा ८ डिसेंबर १९४१ ला कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा माघार घेणाऱ्या इंग्रजांनी तो स्वतःच उडवला होता. गाडी त्यावर रांगत जाते. माझ्यासारख्याला पुलापेक्षा त्याचा आवाज जास्त आवडतो, पण ते सोडा.

जपान्यांनी पुढे आणखी एक केलं. या लाइनचे रूळ मैलच्या मैल उखडून सयाम–ब्रह्मदेश रेल्वेसाठी नेले. १९३१ मध्ये कुठे ही लाइन पुरी झाली होती. ती पुन्हा सलग व्हायला १९५० चं दशक उजाडलं. बारा वर्षांत कुणी आपली लाइन उपटून नेली तर काय वाटत असेल हे रेल्वेवाल्यालाच कळेल.

सासूबाईंसाठी: खालचा बर्थच काढा. बर्थ रुळांच्या दिशेने, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, आपल्या साइड लोअर–साइड अपरसारखे, पण रुंद. प्रत्येकाला जाड पडदा. खिडकी खालच्यालाच मिळते. वरच्याला ती जवळजवळ नाहीच, शिवाय शिडी. म्हणजे वरचा बर्थ मुलाला आणि तुमच्या यजमानांना. काळोख बघायला पैसे देत नाही म्हणतात ना, त्यांना तसाही तोच मिळेल!

एसी निर्दय आहे. बाहेर घामाच्या धारा आणि आत कानटोपी. शाल, मोजे वर हाताशी ठेवा, सामानाच्या तळाशी नकोत.

रानपाखरू म्हणतात ती शटल चांगलीच आहे, पण गुडघेदुखीच्या माणसाला दिवसभर बसवून नेण्यापेक्षा रात्रभर आडवं करून नेलेलं बरं. आणि त्या जुन्या उघड्या दाराच्या डब्यांच्या गोष्टी ऐकून जाऊ नका. शटलला आता नवे डिझेल संच लागलेत, बंद काचांचे, एसीवाले.

सायली_टी

काका, किती छान लिहिलंत! नवऱ्याला वाचून दाखवलं, वरच्या बर्थचं वाक्य सोडून. दोन प्रश्न राहिले. डिसेंबर चालेल ना? महापूर डिसेंबरात आला होता म्हणालात म्हणून धास्ती वाटली. आणि शाकाहाराचं काय?

जुना_गार्ड

धास्ती योग्य जागी आहे. मलाया म्हणजे एकच हवामान असं समजून लोक फसतात. पूर्व किनाऱ्यावर ईशान्य मोसमी वारे साधारण नोव्हेंबरपासून पाऊस आणतात आणि केलांतानला, म्हणजे तुंपाट ज्या राज्यात आहे तिथे, डिसेंबर–जानेवारीत नद्या फुगतात. दरवर्षी २०१४ होत नाही, पण लाइनवर पाणी आलं की गाडी मधेच थांबवतात किंवा रद्द करतात. परतीचं विमान ठरलेलं, बरोबर वयस्क माणूस, अशा वेळी मी डिसेंबरात जाणार नाही. एप्रिल ते ऑगस्टमधला कुठलाही काळ बघा. फक्त हरी रायाच्या, म्हणजे ईदच्या, आगेमागे नको. जोहोर आणि सिंगापूरला कामाला असलेली केलांतानची माणसं तेव्हा गावी निघतात. गाडी मुळात त्यांचीच. बर्थ केव्हाच संपतात.

ताकभात

शाकाहाराचं मी सांगते, क्वालालंपूरला बरीच वर्षं संसार केलाय. गाडीतल्या कँटीनवर विसंबू नका. नासी लेमाक मिळालाच तर वरच्या तिखट सांबालमध्ये सुकी बारीक मासळी असते, आणि ‘मांस नको’ म्हटलं की मासे चालतात असा तिकडे सरळ समज आहे. ‘ताक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग’ असं एकेक नाव घेऊन सांगायचं: मटण-बीफ, कोंबडी, मासे, कोळंबी. रात्रीचं जेवण जोहोर बारूतच उरका. स्टेशनाच्या आसपासच्या जुन्या वस्तीत दक्षिण भारतीय हॉटेलं आहेत, इडली-डोसा मिळतो. सकाळसाठी दशम्या, केळी, चिवडा बरोबर असू द्या.

केलांतानला ‘नासी कराबू’ म्हणून निळा भात मिळतो, गोकर्णाच्या फुलांनी रंगवलेला. दिसतो सुंदर, पण त्यावर माशाचं ‘बुडू’ घालतात. सासूबाईंना लांबूनच दाखवा. रोटी चनाई आणि डाळ मात्र कुठेही मिळते. डाळ नुसतीच मागा, नाहीतर वर कोंबडीचा रस्सा ओतून देतात.

आणि गाडीचं शेवटचं स्टेशन तुंपाट असलं तरी तुम्ही वाकाफ भारूला उतरा. कोटा भारू शहरासाठी तेच जवळचं. तिथला पासार सिती खदिजा बाजार चुकवू नका, विकायला बसलेल्या जवळपास सगळ्या बायकाच. शुक्रवारी जाऊ नका, केलांतानची आठवड्याची सुट्टी शुक्रवार–शनिवार असते आणि शुक्रवारी दुपारी बरंच काही बंद.

रानपाखरू

दिशेचा मुद्दा मान्य. दिवसाची गाडी तरी हातची सोडू नका. वाकाफ भारूहून सकाळच्या शटलने दाबोंगपर्यंत उलटं या, तिथे गुआ इकानची गुहा बघा, परत जा. पोराला तेच आवडेल.

जुना_गार्ड

ही कल्पना चांगली आहे. मात्र परतीच्या शटलची वेळ आधी पाहून ठेवा, दिवसात मोजक्याच असतात आणि चुकली तर दाबोंगला मुक्काम. वेळापत्रक अधूनमधून बदलतं, म्हणून मी इथे मिनिटं लिहीत नाही, केटीएमच्या (मलेशियन रेल्वेच्या) अॅपवरच बघा. तिकीट काढताना प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर लागतो.

सिंगापूरहून येताना एक ध्यानात ठेवा. संध्याकाळी कॉजवेवर, म्हणजे सिंगापूर आणि जोहोर बारूला जोडणाऱ्या रस्त्यावर, कामावरून परतणाऱ्यांची तोबा गर्दी असते. दुपारीच सीमा ओलांडा. जोहोर बारूचं स्टेशन तपासणी नाक्याला पुलाने जोडलेलं आहे, सामान घेऊन रस्ता ओलांडावा लागत नाही. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड आदल्या तीन दिवसांत भरा. भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ आहे, पण ही सवलत मुदतीची आहे, तिकीट काढण्याआधी चालू आहे ना बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दिरांकडे परत जाणार असाल तर सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना तपासा. नसेल तर कोटा भारूहून विमानाने क्वालालंपूर, तासाभराचं अंतर, आणि तिथूनच घरी.

सायली_टी

व्हिसा तपासला, एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे. नाताळ रद्द, मे महिन्यात जातोय. दोन खालचे, दोन वरचे. नवऱ्याला शेवटी ते वाक्य दाखवलं. म्हणतो, काकांना सांग, खालचा बर्थ मला आणि वर तू.

जुना_गार्ड

वर जा, पण उजाडल्यावर सासूबाईंच्या बर्थवर येऊन बसा. खालच्या बर्थच्या सकाळी समोरासमोर दोन खुर्च्या होतात.